चाड्यावरची मूठ

(दृश्य: रात्र. महामार्गालगतचं हॉटेल, पार्किंगमध्ये गाड्या. आत भिंतीवर कंदील, सूप, बैलगाडीचं चाक.)

पुणे-सातारा रस्त्यावर जेवायला थांबलो होतो. बाहेर ‘अस्सल गावरान’ अशी पाटी, आत पिठलं-भाकरीची ऑर्डर. सहज वर पाहिलं, तर छताला तीन पायांचं एक लाकडी काहीतरी टांगलेलं होतं. फण, म्हणजे ते पाय, वर. ते ज्यात बसवतात ते आडवं लाकूड, दिंड, खाली. प्रत्येक फणाच्या टोकाला पिवळा बल्ब.

ती तिफण होती. ज्वारी पेरायची तिफण, उलटी टांगलेली.

वेटरला विचारलं, “हे काय आहे?” तो म्हणाला, “डिझाइन आहे साहेब.”

त्याचं काही चुकलं नाही. तो विशीतला पोरगा. त्यानं तिफण चालताना पाहिली असेलच असं नाही, आणि पाहिली असली तरी मालकानं छताला बांधल्यावर ती डिझाइनच झाली. आमची ही फिल्म मात्र त्या बल्बांपासून सुरू झाली. दख्खनच्या शेतीची अवजारं आता राहतात कुठं, आणि तिथं ती दिसतात कशी, हे बघायला आम्ही निघालो.

(दृश्य: सकाळ. कणेरी मठाची कमान. पुढं शेत, विहीर, बैलजोडी. कॅमेरा जवळ जातो. बैल सिमेंटचे आहेत.)

कोल्हापूरजवळ, बंगळूरच्या महामार्गापासून थोडं आत, कणेरी गाव आहे. तिथल्या सिद्धगिरी मठाच्या आवारात एक अख्खं गाव उभं केलंय. 2007 साली ते लोकांसाठी खुलं झालं. यातली माणसं सिमेंटची, जनावरं सिमेंटची. सुतार तासतोय, कुंभार चाक फिरवतोय, लोहार ऐरणीवर आहे. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार आपापल्या जागी बसलेत. शाळांच्या सहलींनी आवार भरलेलं असतं. पोरं बैलाच्या शिंगाला धरून फोटो काढतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे सगळं फार गोंडस वाटलं होतं. इथं कुणाच्या पायाला भेगा नाहीत, कुणाच्या डोक्यावर सावकार नाही. ती तक्रार अजूनही आहे. पण एका गोष्टीसाठी या जागेला दाद द्यायला हवी. इतर ठिकाणी अवजार भिंतीला टेकवलेलं असतं, इथं ते कुणाच्या तरी हातात आहे. नांगराला माणूस आहे, माणसापुढं बैल आहेत, बैलांपुढं तास, म्हणजे नांगराची चर, आहे. नुसतं लाकूड बघून जे कळत नाही, ते अर्धं तरी इथं कळतं.

उरलेलं अर्धं काय, ते बघू.

(दृश्य: लाकडी नांगर, जवळून. हात एकेका भागावर थांबतो.)

पाटीवर लिहितात ‘नांगर’ आणि संपतं. नांगर धरलेल्या माणसाला विचारा, तो भाग सांगत जाईल. हे खोड. ही हाळीस, म्हणजे बैलांच्या दिशेनं जाणारा लांब दांडा. हे रुमणं, त्याला वर मूठ. खाली लोखंडी फाळ, आणि फाळ हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी कडी, ती वसू. जू आणि हाळीस बांधायचा दोर, तो वेठण.

आता या वेठणाकडं नीट बघा. नांगराला खोली कमी-जास्त करायचा स्क्रू नसतो, ते काम हा दोर करतो. हाळशीवर जू पुढं सरकवून बांधलं की फाळ खोल घुसतो. मागं घेतलं की वर येतो. दोन-चार बोटांचा फरक. माळाचं हलकं रान असेल तर एक बांधणी, काळ्या रानात दुसरी, आणि बैल थकले की दुपारनंतर तिसरी. संग्रहालयात वेठण बहुतेक नसतंच. दोर कुजतो, लाकूड टिकतं, त्यामुळं नांगर येतो आणि त्याची अक्कल मागं राहते.

लोखंडाचंही तसंच. फाळ झिजायचा. झिजलेला फाळ घेऊन लोहाराकडं जायचं, तो तापवून, ठोकून टोक काढून द्यायचा. याला म्हणायचे फाळ शेवटणं. पेरणीच्या आधी लोहाराच्या भात्यापुढं रांग लागायची. सुतार नांगर भरून द्यायचा, त्यासाठी बाभळीचं वाक असलेलं खोड आधीच हेरून ठेवलेलं असायचं. पैसे त्या दिवशी नाहीत. सुगीला खळ्यावर धान्याची रास पडली की तिथं बलुतं मिळायचं. म्हणजे या नांगराची किंमत जूनमध्ये ठरायची आणि माघ-फाल्गुनात फिटायची. पाऊस फसला तर सुताराचं सूपही रिकामं.

कुळवाशी फार वेळ थांबत नाही. आडवी पोलादी फास, तिनं ढेकळं फुटतात, तण कापलं जातं, वरची माती मोकळी होते. विदर्भात हाच वखर. फास खोल जावी म्हणून दिंडावर धोंडा ठेवायचा, नाहीतर घरातलं एखादं पोरगं बसवायचं. पोराची गंमत व्हायची, शेताचं काम व्हायचं.

(दृश्य: विहीर, धाव, मोट. ध्वनी: चाकाचा करकर आवाज.)

मोटेशी मात्र थांबायलाच हवं, कारण या सगळ्या अवजारांत हिच्याइतकं हुशार दुसरं काही नाही.

आधी एक घोळ मिटवू. ‘सगळ्यांची मोट बांधली’ असं आपण म्हणतो, ती मोट म्हणजे गाठोडं. विहिरीवरची मोट वेगळी. निवडणुकीच्या बातम्यांत जी बांधतात, तिच्यात पाणी येत नाही.

ही चामड्याची मोट. वर रुंद तोंड, त्याला लोखंडी कडं. खाली निमुळती होत गेलेली सोंड, आणि ती सोंडही उघडीच. दोन्ही बाजूंनी उघडी असलेली पिशवी पाणी धरते कशी? उत्तर दोन दोरांत आहे. तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. तो वरच्या चाकावरून जातो. सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. तो खाली, थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या हौदाच्या, कडेला बसवलेल्या कण्यावरून, आडव्या रुळावरून जातो. दोन्हींची लांबी अशी जुळवलेली असते, की मोट विहिरीतून वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीला उभी राहते. पाणी सांडायला वाट नाही. मोट काठावर आली की सोंदूर सोंडेला कण्यावरून बाहेर, थारोळ्यात ओढतो. तोंड मात्र अजून वरच चढत असतं. सोंड उलगडते आणि पाणी भसकन थारोळ्यात पडतं. तिथून पाटात, पाटातून वाफ्यात.

विहिरीच्या काठावर मोट ओतायला माणूस उभा करावा लागत नाही. झडप नाही, खटका नाही. एक माणूस, दोन बैल आणि दोन दोरांच्या लांबीतला फरक. एका खेपेला साधारण दीडशे लिटर पाणी.

बैल धावेवरून, म्हणजे उतारावरून, खाली जाताना ओढतात. त्यामुळं त्यांचं वजनही कामी येतं. माणूसही नाड्यावर बसून खाली जातो, तेवढंच त्याचं वजन. मग बैलांनी मागं मागं, पाठमोरं चढायचं. बैलाला पुढं चालायला कुणीही शिकवील. मागं चालायला शिकवणं, तेही मागं विहीर असताना, हे काम वेगळं. मोटकरी त्या येरझाऱ्यांत गायचा. गाण्याची चाल बैलांच्या पावलांवर बसलेली, म्हणून मोटेवरचं गाणं बसून म्हटलं की कुठंतरी लंगडतं.

(दृश्य: मोटेच्या शिवणीवर कॅमेरा. बराच वेळ.)

हे चामडं कमावलं कुणी? ढोर समाजानं. शिवण घातली चांभारानं. नाडा वळला मांगानं. कणेरीत हे सगळे बलुतेदार आपापल्या झोपडीत छान बसलेत. पण त्या झोपड्यांपासून विहिरीपर्यंतचं अंतर तिथं दाखवलेलं नाही. ज्याच्या हातची मोट दिवसभर विहिरीत उतरायची, त्याला स्वतःला त्या विहिरीवर घागर भरता येत नव्हती. चामड्यातून आलेल्या पाण्यावर पिकलेला भाजीपाला घरात चालायचा. माणूस चालत नव्हता. मोटेच्या पाटीवर एक ओळ वाढवायची मुभा मला दिली, तर मी हीच लिहीन.

(दृश्य: रेल्वेच्या खिडकीतून ऊस. स्टेशनची पाटी: किर्लोस्करवाडी.)

लाकडी नांगराला लोखंडी नांगर कसा भेटला, ती गोष्ट सांगली जिल्ह्यातली. पण सुरुवात बेळगावची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं किर्लोस्करांच्या घराण्याचा इतिहास सांगतो. 1910 साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरानावर जागा दिली आणि तिथं किर्लोस्करवाडी वसली.

ही गोष्ट नेहमी ‘अडाणी शेतकरी आणि दूरदृष्टीचा कारखानदार’ अशी सांगतात. मला ती तशी सांगाविशी वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार संध्याकाळपर्यंत उभा करून देतो, आणि पैसे मागत नाही. लोखंडी नांगराचा भाग मोडला तर? तो कुठून आणायचा, कधी मिळणार, रोकड कुठली? ऐन वाफशाला, म्हणजे रानात कामाजोगी ओल असताना, नांगर बंद पडला तर वर्ष गेलं. विषाची भीती बोलून दाखवली जायची. हिशेबाची भीती प्रत्येकाच्या पोटात होती. पुढं हरळी आणि कुंदा ही तणं मुळासकट उपटायला लोखंडी नांगर किती कामाचा आहे हे रानात दिसलं, भाग मिळायला लागले, आणि मग तोच शेतकरी तो विकत घ्यायला लागला.

1946 साली याच घराण्यानं पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. इंजिनं विहिरींवर आली, त्यामागं विजेच्या मोटारी आल्या, आणि मोटा अडगळीत गेल्या. आज विहिरीवर मोटेची धाव शोधायची तर दगडी उतार तेवढा दिसतो, त्यावर घाणेरी माजलेली.

(दृश्य: पिंपळे सौदागर. उंच इमारती, मॉलचे दिवे, ऑफिस सुटल्याची गर्दी.)

इथं का आलो, असं तुम्ही विचाराल. हे पिंपळे सौदागर. पिंपरी-चिंचवडमधले फ्लॅट इथं काय भावानं जातात, ते जाहिरातीत वाचा.

पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरॉल्ड मॅन नावाचे प्रिन्सिपॉल होते. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी या गावाची शेतं एकेक करून मोजली आणि 1917 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. 1771 साली इथं एका खातेदाराकडं सरासरी 40 एकर जमीन होती. 1915 च्या सुमाराला ती 7 एकरांवर आली. 156 खातेदारांची जमीन 729 तुकड्यांत विखुरलेली. त्यातले 463 तुकडे एकराच्या आतले, आणि 112 तर पाव एकराहूनही लहान.

आता त्या नांगराकडं परत जा. काळ्या रानातला जड नांगर ओढायला सहा-सहा, आठ-आठ बैल लागायचे. सात एकर, तेही चार ठिकाणी, असणाऱ्यानं आठ बैल कुठून पोसायचे? तो वारंगुळा करायचा: तुझे बैल आज माझ्या रानात, माझे उद्या तुझ्या रानात. नाहीतर इर्जिक घालायची: गावातल्या नांगरांना बोलवायचं, एका दिवसात रान उलथायचं, आणि सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं. म्हणून गावातला मोठा नांगर एका माणसाचं अवजार नव्हताच. संग्रहालयाच्या नोंदवहीत मात्र देणगीदार म्हणून एकाच घराचं नाव लागतं.

पाव एकराच्या तुकड्यात आठ बैलांची औत वळवायची कशी, हा प्रश्न मी गावाकडच्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारला. तो म्हणाला, “वळवायची न्हाई. कुदळ घ्यायची.”

(दृश्य: मापं ओळीनं मांडलेली. शेर, मापटं, चिपटं, कोळवं.)

दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. लोखंडी, पितळी, लाकडी. बहुतेक संग्रहालयांत ही ओळीनं मांडलेली असतात आणि बहुतेक लोक ती न बघता पुढं जातात. बघायची असतील तर तोंडाची कड बघा. सावकाराचं माप आणि घरचं माप एकाच शेराचं असूनही माप भरायची रीत वेगळी: कुणी शिगेनं भरायचं, कुणी कडेवरनं हात फिरवून सपाट. देताना सपाट आणि घेताना शिगेनं, असा व्यापार कुठंकुठं चालायचा. माप काचेच्या कपाटात ठेवलं की हात फिरवणारा माणूस निसटतो.

आणि पेव. सोलापूरकडं मुरमाच्या जागेत जमिनीखाली खणलेलं कोठार. तोंड लहान, पोट मोठं, आत ज्वारी. वर्षानुवर्षं ठेवायची, दुष्काळ पडला की उघडायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी दोराला बांधून कंदील खाली सोडायचा. विझला तर आतली हवा जिवाला घातक आहे. तोंड उघडं ठेवून वाट बघायची. पेवातल्या ज्वारीला एक उग्र वास यायचा. ज्यांनी ती 72 च्या दुष्काळात खाल्ली, त्यांना तो वास अजून ओळखता येतो. पेव उचलून कुठल्याही संग्रहालयात नेता येत नाही. ती एक पोकळी आहे. कितीतरी ठिकाणी ती बुजवून वर घरं बांधली, आणि पावसाळ्यात एखाद्याची पडवी खचली की लोकांना आठवतं.

मोहोळला निवडलेली मालदांडी ज्वारी या भागात अजून पेरतात, तिच्या उंच ताटाचा कडबा बैलांना होतो. 1964 साली संकरित ज्वारी आली. कणसं भरघोस, ताट मात्र बुटकं. धान्य वाढलं, कडबा घटला. बी दर वर्षी दुकानातून आणायचं, मग कणसं निवडून, राख लावून, कणगीत जपायचं कशाला? सूप, चाळण, कणगी, पेव एकापाठोपाठ रिकामी झाली. ट्रॅक्टर त्यानंतर आला, पण बैलाचं ताट त्याच्याआधीच हलकं झालं होतं.

(दृश्य: माण तालुका. सप्टेंबरअखेर. उघडं रान, लांबवर डोंगर. बैलजोडी, तिफण.)

शेवटी आम्ही माझ्या आत्याच्या रानात गेलो. माणदेश. पाऊस होऊन गेलेला, वरची माती सुकलेली, ओल चार बोटं खाली. रब्बी ज्वारीची तिफण म्हणूनच खोल जावी लागते, बी ओलीत पडलं पाहिजे. आत्याच्या घरी अजून एक बैलजोडी आहे आणि अजून तिफण चालते. हौस म्हणून नव्हे. तिच्या दोन तुकड्यांकडं ट्रॅक्टर जायला वाट नाही.

तिफणीला तीन फण. प्रत्येक फणातून वर आलेला बांबूचा नळा. तिन्ही नळे वर एकत्र येतात तिथं लाकडाची वाटी बसवलेली, तिला तळाशी तीन भोकं. ही वाटी म्हणजे चाडं. मामा बैल हाकतात. आत्या एका हातानं तिफण धरते, दुसऱ्या हाताची मूठ चाड्यावर. ओटीत ज्वारी. मागनं माझी चुलतबहीण मोघा धरून येते. तो एक सुटा नळा, त्यातून ती करडईचं बी टाकते.

कणेरीच्या सिमेंटच्या माणसाची मूठ आम्ही बरीच शूट केली होती. छान मूठ आहे. म्हटलं, आता खरी मूठ जवळून घेऊ. कॅमेरामन चाड्यापासून वीतभर अंतरावर लेन्स धरून बाजूनं चालत होता. ढेकळांत दोनदा पडला.

काही दिसलं नाही. मूठ बंदच असते. अंगठा आणि दोन बोटं इतकी हलकी हलतात, की पडद्यावर नुसता एक सुरकुतलेला हात दिसतो. बी किती सुटतंय, तिन्ही भोकांत सारखं जातंय का, हे डोळ्याला कळतच नाही. आत्या तरी कुठं चाड्याकडं बघत होती? तिची नजर पुढं, बैलांच्या पायांत.

“मग तुला कळतं कसं गं?” मी विचारलं.

“ऐक की,” ती म्हणाली.

आम्ही मायक्रोफोन कॅमेऱ्यावरनं काढला आणि नळ्याला चिकटपट्टीनं बांधला.

(ध्वनी: बैलांच्या पावलांचा आवाज बारीक होत जातो. बांबूतून बी घरंगळण्याचा खुळखुळाट. तीन नळे, तीन वेगळे सूर. बराच वेळ फक्त हाच आवाज.)

नळा ओल्या मातीनं तुंबला तर वरनं काही समजत नाही. तिफण चालत राहते, मूठ रिकामी होत राहते. आठ दिवसांनी उगवण होते तेव्हा मधली एक ओळ कोरी दिसते, लांबच लांब. मग पुन्हा पेरायला ओल उरलेली नसते.

(ध्वनी: खुळखुळाट. तिसऱ्या फेरीला एक सूर गळतो.)

मला हेडफोनमध्येही ते लक्षात आलं नव्हतं. आत्या थांबली.

“हो, हो... थांबवा जरा. मधला तुंबलाय.”

मामांनी बैल उभे केले. तिनं तिफण आडवी केली, फणाच्या तोंडातली माती बोटानं काढली, कमरेला खोचलेली तुरकाठी नळ्यात वरपासून खालपर्यंत घातली, फुंकर मारली. चार हात मागं आली, जिथनं आवाज गेला होता तिथपर्यंत. मग पुन्हा मूठ भरली.

(ध्वनी: तीन नळे.)